धमनी म्हणजे नळ नव्हे

“स्प्रिंग बसवली, आता काळजी नाही.” अँजिओप्लास्टी करून घरी आलेल्या माणसाविषयी वस्तीत हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यामागे एक समजूत असते. रक्तवाहिनी म्हणजे नळ, त्यात चरबीचा गाळ साचला, डॉक्टरांनी तो बाजूला सारला, पाणी पुन्हा वाहू लागले, काम संपले. दोन-तीन महिन्यांत छातीतले दुखणे थांबते, जिना चढताना दम लागत नाही, माणूस कामावर जाऊ लागतो. मग महिन्याच्या गोळ्यांचा खर्च डोळ्यांत खुपू लागतो आणि एखादी गोळी हळूच बंद होते.

नळाची उपमा समजायला सोपी आहे, पण ती चुकीची आहे आणि जिवावर बेतू शकते. नळाची भिंत निर्जीव असते, धमनीची भिंत जिवंत असते. त्या भिंतीत पेशी असतात. त्या आकसतात, सैल होतात, जखम झाली की तिकडे धावतात, वाढतात आणि प्रसंगी रूपही बदलतात. चरबीचा थर नळाच्या आत साचतो तसा धमनीत साचत नाही. तो भिंतीच्या आतच तयार होतो. हे एकदा समजले की गोळी का थांबवायची नाही, हेही समजते. म्हणून या अंकात धमनीच्या भिंतीतील एका पेशीची ओळख करून घेऊ. तिचे नाव आहे मृदू स्नायूपेशी.

भिंतीत काय असते

हृदयाला रक्त पुरवणारी धमनी फार मोठी नसते. तिची जाडी साधारण तीन ते चार मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीच्या निम्म्याएवढी. एवढ्याशा नळीच्या भिंतीला तीन थर असतात. सर्वांत आत एका पेशीच्या जाडीचे गुळगुळीत अस्तर. मधला थर मृदू स्नायूपेशींचा आणि रबरासारख्या लवचीक धाग्यांचा. बाहेरचा थर धमनीला आजूबाजूच्या भागाशी धरून ठेवणारा.

दंडाचा स्नायू आपण म्हणू तेव्हा हलतो. मृदू स्नायू आपल्या हुकमात नसतो. शाळेच्या पुस्तकात त्याला ‘अनैच्छिक’ म्हटलेले असते. आतडे, मूत्राशय, गर्भाशय, श्वासनलिका यांच्या भिंतींतही हाच स्नायू असतो. धमनीतील स्नायूपेशी दोन टोकांना निमुळत्या असतात आणि नळीभोवती वेढा घालून बसलेल्या असतात. त्या आकसल्या की नळी अरुंद होते, सैल पडल्या की रुंद होते. शरीरात कुठे किती रक्त जायचे आणि रक्तदाब किती राहायचा, हे मोठ्या प्रमाणात त्यांच्यावर ठरते.

घरातल्या गोळ्या आणि हा स्नायू

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी असते. ती नेमकी याच पेशींवर काम करते. स्नायूपेशी आकसायची तर तिच्यात कॅल्शियम शिरावे लागते. अम्लोडिपिन ती वाट अडवते. पेशी सैल पडते, नळी रुंद होते, दाब उतरतो. काही जणांच्या पायांना या गोळीने सूज येते, त्याचे कारणही हेच. अशी सूज आली तर गोळी आपल्या मनाने न सोडता डॉक्टरांना सांगावे. डोस कमी करता येतो, दुसरी गोळी देता येते.

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळीही याच स्नायूला सैल करते. तिच्यामागची गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. धमनीचे आतले अस्तर स्वतः एक पदार्थ सोडते आणि त्याने शेजारचा स्नायू सैल पडतो, असे रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८० मध्ये दाखवले. तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे पुढे सिद्ध झाले. या कामासाठी १९९८ चे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना मिळाले. सॉर्बिट्रेटची गोळी हाच वायू बाहेरून पुरवते.

मात्र ती फक्त हृदयाच्या धमनीपुरती थांबत नाही. सगळ्या शरीरातील रक्तवाहिन्या सैल करते. त्यामुळे रक्तदाब एकदम उतरून माणूस कोसळू शकतो. म्हणून ती बसून घ्यावी, डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच घ्यावी. छातीत दुखणाऱ्या शेजाऱ्याला आपल्या डब्यातली गोळी देऊ नये. लैंगिक शक्तीसाठीच्या गोळ्या घेतलेल्या पुरुषाला ती दिली तर जीवही जाऊ शकतो.

जखम भरणारी पेशी

निरोगी मोठ्या माणसाच्या धमनीत ही पेशी शांतपणे आकसण्या-सैलावण्याचे काम करते. ती फारशी वाढत नाही. पण तिच्याकडे दुसरे एक काम राखून ठेवलेले असते. भिंतीला इजा झाली की ती आपले रूप बदलते. आकसण्याची साधने बाजूला ठेवते, एकीच्या दोन होऊ लागते, मधल्या थरातून आतल्या थराकडे सरकते आणि कोलॅजेन नावाचे चिवट धागे विणू लागते. हातावरची जखम भरून येताना जाड वण उठतो, तसेच काहीसे धमनीच्या आत घडते.

ही इजा रोजच्या जगण्यात होत असते. वाढलेला रक्तदाब, रक्तातील जास्त साखर, वाईट कोलेस्टेरॉल आणि तंबाखू हे चौघे आतल्या अस्तराला सतत ओरखडत राहतात. कोलेस्टेरॉल भिंतीत शिरते, ते खायला पांढऱ्या पेशी येतात, खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. या सगळ्या गडबडीत स्नायूपेशी ओढली जाते.

ती ओढली कशी जाते, हे अमेरिकेत सिएटल येथे रसेल रॉस आणि जॉन ग्लॉमसेट यांनी शोधले. रॉस हे मूळचे दातांचे डॉक्टर. धमनीच्या आजारात मृदू स्नायूपेशी मध्यवर्ती आहे, ही मांडणी या दोघांनी १९७३ मध्ये केली. पुढच्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसह एक साधा पण महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतील बशीत स्नायूपेशी वाढवताना त्यांना गोठलेल्या रक्तातून निघालेला द्रव दिला तर त्या भराभर वाढत. प्लेटलेट आधीच काढून टाकलेल्या रक्ताचा द्रव दिला तर वाढत नसत. म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटच या पेशींना ‘वाढा’ असा निरोप देत होत्या. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

झाकण जाड की पातळ

चरबी, मेलेल्या पेशी, कोलॅजेन असा जो फुगवटा भिंतीत तयार होतो त्याला डॉक्टर प्लाक म्हणतात. त्याच्या पोटात मऊ, चिकट गर असतो आणि वर झाकण असते. ते झाकण विणते कोण? हीच स्नायूपेशी.

झाकण जाड आणि चिवट असेल तर फुगवटा वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो. चालताना छातीत भरून येईल, पण झटका येईलच असे नाही. झाकण पातळ असेल तर ते एखाद्या दिवशी फाटते. आतला गर रक्ताला लागतो, त्यावर गुठळी बनते आणि काही मिनिटांत धमनी बंद होते. बहुतेक हृदयविकाराचे झटके असे येतात. फाटणाऱ्या झाकणाची जाडी मोजली गेली आहे. साधारण ६५ मायक्रोमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. म्हणूनच “मागच्या महिन्यात तपासणी चांगली आली होती, अचानक कसे झाले?” हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. फुगवटा फार मोठा नसला तरी त्याचे झाकण पातळ असू शकते आणि साध्या ईसीजीत ते दिसत नाही.

मग स्नायूपेशी चांगली की वाईट? बरीच वर्षे शास्त्रज्ञांना वाटे की झाकण विणते तेवढे तिचे काम चांगले. पण अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात गॅरी ओवेन्स यांच्या गटाने उंदरांच्या स्नायूपेशींवर कायमची खूण केली आणि त्या पुढे काय होतात ते पाहिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात आढळले की प्लाकमधील अशा पेशींपैकी ८० टक्क्यांहून अधिक पेशी नेहमीच्या तपासणीत स्नायूपेशी म्हणून ओळखूच येत नव्हत्या. काहींनी चरबी खाणाऱ्या पांढऱ्या पेशींचे सोंग घेतले होते. रूप बदलायला लावणारे एक जनुक स्नायूपेशींतून काढून टाकले तेव्हा फुगवटे लहान राहिले आणि त्यांची झाकणे जाड झाली. म्हणजे एकाच पेशीची लेकरे. काही झाकण विणतात, काही आगीत तेल ओततात. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात तर यातल्या काही पेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि धमनीत कॅल्शियम साचून ती कडक होते.

कोलेस्टेरॉलची अॅटोर्वास्टॅटिनसारखी गोळी काय करते, तेही इथे कळते. ती आतला गर कमी करते, दाह कमी करते आणि झाकण जाड व्हायला मदत करते. “माझे कोलेस्टेरॉल आता नॉर्मल आले, गोळी कशाला?” असे म्हणणाऱ्याने लक्षात घ्यावे की आकडा गोळीमुळे नॉर्मल आहे आणि झाकणही तिच्याच आधाराने टिकून आहे.

फुगा, जाळी आणि पुन्हा अडथळा

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक शहरात आंद्रेयास ग्रुंट्सिग या डॉक्टरने ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत बारीक फुगा नेऊन तो फुगवला आणि अरुंद जागा रुंद केली. छाती न फाडता झालेला हा पहिला उपचार. असे फुगे त्याने आधी आपल्या स्वयंपाकघरातील टेबलावर बनवले होते. त्या पहिल्या रुग्णाची धमनी पुढे अनेक वर्षे मोकळी राहिली. पण सगळ्यांचे तसे झाले नाही. साधारण तीनांतील एका रुग्णाची धमनी सहा महिन्यांत पुन्हा अरुंद होई.

कारण आता आपल्याला ठाऊक आहे. फुगा फुगवणे म्हणजे भिंतीला इजा करणेच. अस्तर सोलवटते, प्लेटलेट चिकटतात, स्नायूपेशींना निरोप जातो. त्या वाढून आत येतात आणि धागे विणतात. शिवाय ताणलेली भिंत रबरासारखी परत आकसते. आकसणे रोखण्यासाठी धातूची जाळी आली, म्हणजे स्टेंट. वस्तीत जिला आपण स्प्रिंग म्हणतो ती हीच. माणसाच्या हृदयात ती पहिल्यांदा १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये बसवली गेली. जाळीने भिंत आकसणे थांबले, पण स्नायूपेशी जाळीच्या फटींतून वाढत आत येतच राहिल्या. वीस ते तीस टक्के रुग्णांत पुन्हा अडथळा होई.

एका बेटावरची माती

यावर उपाय आला तो अगदी अनपेक्षित जागेहून. प्रशांत महासागरात ईस्टर नावाचे एक एकाकी बेट आहे. तिथले लोक त्याला रापा नुई म्हणतात. १९६४ मध्ये कॅनडाच्या एका मोहिमेने तिथल्या मातीचे नमुने गोळा केले. त्या मातीतील एका जिवाणूपासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत बुरशी मारणारे एक औषध निघाले. बेटाच्या नावावरून त्याला रापामायसिन म्हटले गेले. आज त्याला सिरोलिमस असेही म्हणतात. ते शोधणाऱ्या गटाचे प्रमुख होते अखंड पंजाबात जन्मलेले सुरेन सेहगल. कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्यांनी त्या जिवाणूचा साठा स्वतःच्या घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. नंतर काम पुन्हा सुरू झाले आणि १९९९ मध्ये मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली.

हे औषध पेशीला एकीची दोन होऊ देत नाही. मग जाळीवरच त्याचा लेप दिला तर? डिसेंबर १९९९ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो शहरात एदुआर्दो सौझा यांनी असा लेप दिलेला स्टेंट पहिल्यांदा रुग्णांना बसवला. २००२ मध्ये २३८ रुग्णांवरील चाचणीचे निकाल आले. सहा महिन्यांनंतर साध्या जाळीच्या गटात २६.६ टक्के रुग्णांत पुन्हा अडथळा झाला होता; औषधाच्या जाळीच्या गटात एकातही नाही. आज आपल्याकडे बसवले जाणारे बहुतेक स्टेंट याच घराण्यातील औषधांचे असतात.

उशिरा भरणारी जखम

आता गोळीकडे येऊ. औषधाची जाळी स्नायूपेशींना वाढू देत नाही, हा तिचा गुण आहे आणि तीच तिची अडचणही आहे. कारण भिंतीची जखम भरून येणेही त्याच औषधाने लांबते. धातूवर नवे अस्तर चढायला वेळ लागतो. तोवर धातूच्या तारा रक्तात उघड्या राहतात आणि उघड्या धातूवर प्लेटलेट चिकटतात. भारतीय वंशाच्या डॉ. रेणू विरमाणी आणि त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी मरण पावलेल्या रुग्णांच्या धमन्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ही उशिरा भरणारी जखम दाखवून दिली. जाळीत अचानक गुठळी झाली तर मोठा झटका येतो आणि अनेकदा माणूस दगावतो.

हे होऊ नये म्हणूनच अॅस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल अशी दुसरी गोळी दिली जाते. झटका आल्यानंतर स्टेंट बसवला असेल तर ही जोडी साधारण वर्षभर चालते; झटक्याविना बसवला असेल तर साधारण सहा महिने. ज्यांना रक्तस्रावाचा धोका जास्त, त्यांचा काळ डॉक्टर कमी करतात. अॅस्पिरिन बहुधा पुढेही चालू राहते. आजच्या नव्या जाळ्या अधिक बारीक आणि सुरक्षित आहेत, तरी नियम तोच. गोळी थांबवण्याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाचा. आपला नाही, मेडिकलवाल्याचा नाही आणि दात काढणाऱ्या डॉक्टरचाही नाही. दात काढायचा असो वा दुसरी शस्त्रक्रिया, स्टेंट आहे हे आधी सांगावे आणि हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये.

खर्चाचे काय

गोळी बंद होते ती बहुतेक वेळा पैशांमुळे. म्हणून हक्काच्या वाटा माहीत असायला हव्यात. स्टेंटचा समावेश २०१६ मध्ये आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत झाला. त्याआधी औषधाच्या स्टेंटची किंमत लाखाच्या घरात असे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने कमाल किंमत ठरवून दिली: साध्या जाळीला ७,२६० रुपये आणि औषधाच्या जाळीला २९,६०० रुपये, कर वेगळा. ही मर्यादा वेळोवेळी बदलते, पण मर्यादा आहे. बिलात स्टेंटची किंमत, कंपनी आणि प्रकार वेगळे लिहून मागावे. तो रुग्णाचा अधिकार आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांत अँजिओप्लास्टी होते. तिथे आरोग्यमित्राचा कक्ष असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटावे. पुढच्या महिन्यांच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात जावे. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अॅटोर्वास्टॅटिन, अम्लोडिपिन या सगळ्या गोळ्या तिथे बाजारापेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात. महागडी दुसरी गोळी परवडत नसेल तर गप्प बसून बंद करू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. स्वस्त पर्याय असतो.

आपल्या हातात

बावन्न देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो असे दिसले. इतरांना सुमारे ५९ व्या वर्षी. म्हणजे घर चालवणारा माणूस ऐन कमाईच्या वयात अंथरुणाला खिळतो. त्याच अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका दुपटीने अधिक आढळला. म्हणून “मी बिडी ओढत नाही, फक्त मिश्री लावते” ही पळवाट नाही. याला नशीब म्हणून सोडून देऊ नये. कारणे माहीत आहेत, ती दूर करता येतात.

वाचकांनी एवढे कापून भिंतीवर लावून ठेवावे:

• तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासा. आरोग्यकेंद्रात हे मोफत होते.

• बिडी, सिगारेट, गुटखा, तंबाखू, मिश्री बंद. स्टेंट बसल्यावर तर नक्कीच.

• लोणचे, पापड, खारवलेले मासे, वेफर्स यांतील मीठ मोजून खा. तळणीचे तेल पुन्हापुन्हा वापरू नका.

• रोज अर्धा तास भरभर चाला. झटक्यानंतर किती चालायचे ते डॉक्टरांना विचारा.

• स्टेंटचे कार्ड आणि गोळ्यांची चिठ्ठी एका पिशवीत ठेवा. ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

• गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आणा. गावी जाताना जास्तीच्या सोबत न्या.

• छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, अचानक दम लागल्यास १०८ ला फोन करा. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना छातीत न दुखताही नुसती मळमळ, थकवा किंवा धाप लागू शकते. “गॅस झाला असेल” म्हणून रात्र काढू नका.